एक्केचाळिसावं गाणं

१

"दीदी, एक गाणं कमी भरतंय."

रिद्धीने हे सांगितलं तेव्हा मी परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. सव्वीस वर्षं मी लोणखेड्याच्या या कॉलेजात ग्रंथपाल आहे, त्यामुळे 'एक कमी भरतंय' या वाक्याने माझं काळीज हलत नाही. पुस्तकं सहसा चोरीला जात नाहीत, चुकीच्या कपाटात जातात. मी म्हटलं, "नीट बघ. खाली-वर झालं असेल."

"पाच वेळा मोजलं. एक्केचाळीस हवीत, चाळीसच आहेत."

भानगड अशी. नवनीत सर येत्या शुक्रवारी निवृत्त होणार. लॉकडाऊनमध्ये त्यांनी लोकगीतांचा ऑनलाइन कोर्स सुरू केला, तो दरवर्षी चालला आणि आता त्यांच्याबरोबरच बंद होणार. शिकवणं संपलं होतं, उरली होती कोर्सच्या पानाची आवराआवर: जुन्या सूचना काढायच्या, चाचण्या बंद करायच्या, कामाचं ते पेनड्राइव्हवर उतरवायचं. हे काम रिद्धीकडे होतं. ती कॉलेजात संगणक सांभाळते आणि माझ्या चुलतभावाची मुलगी आहे; नात्याने मी आत्या, पण दीदी म्हणायची तिची सवय. मीही हौसेने तिच्या शेजारी बसायचे. 'उद्या तास होणार नाही.' 'सर, आवाज येत नाहीये.' 'सर, मी टेकडीवर आलोय, आता रेंज आहे, बोला.' हे शेवटचं धडगावच्या दलसिंगचं. ते पुसताना रिद्धीचं बोट अडलं. माझे डोळे भरून आले होते, पण मी चष्मा पुसायचं निमित्त केलं.

त्या कोर्समध्ये प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या किंवा गावच्या बाईकडून एक गाणं ध्वनिमुद्रित करून आणायचं असे. त्यातली निवडक एक्केचाळीस सरांनी पानावर मांडली होती.

"कुणाचं नाहीये?" मी विचारलं.

"धनुबाईंचं."

माझ्या हातातला शिक्का तसाच राहिला. धनुबाई म्हणजे आमच्या लोटन नानांची बायको. नाना कॉलेजात शिपाई. धनुबाई गेल्या भाद्रपदात पोटाच्या दुखण्याने गेली. तिच्या मुलीने, चेतनाने, याच कोर्ससाठी तिचं आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, झोक्यावरचं गाणं घेतलं होतं. दिवाळीनंतर मी नानांना लायब्ररीच्या संगणकावर ते लावून दिलं, आणि तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत नाना रोज येऊन तेच ऐकायचे. पहिले काही दिवस डबा जसा आणला तसा परत न्यायचे. मग एके दिवशी त्यांनी तो उघडला, आणि पुढे गेल्या आठवड्यात परीक्षेची ड्यूटी लागेपर्यंत एकही दिवस चुकला नाही. लायब्ररीत खायला बंदी आहे, ती पाटी मीच लावली आहे. नानांपुरती मला ती दिसायची नाही.

"कचरापेटीत बघितलंस?"

रिद्धी रडकुंडीला आली. "कचरापेटी मीच शनिवारी रिकामी केली, दीदी. आवराआवरच चालली होती ना!"

"मग तुझ्याच हातून गेलं असेल."

"नाही. पान सगळं लिहून ठेवतं, कोणी, कधी, काय केलं ते. हे गाणं मागच्या गुरुवारी दुपारी बारा चाळीसला काढलंय. एकच. मुद्दाम निवडून." तिने पडदा माझ्याकडे वळवला. "आणि काढणाऱ्याचं नाव आहे नवनीत सर."

२

नानांना सांगायचं काम माझ्यावर आलं. ते दारातच उभे होते, हातात डबा.

"नाना, चेतनाकडे असेलच की ते गाणं. तिनेच घेतलं होतं."

"इचारं तिले कालदिन, म्हनतं घरमा बी ऱ्हाऊ दे," नाना म्हणाले. घरीही ते गाणं असावं म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी लेकीला विचारलं होतं. "तिन्हा तो फोन फुटी गया म्हने." त्यांनी डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मॅडम, गुरुवारे आखाजी शे. तिन्ही पह्यली घागर भरनी शे. घागर म्होरे हाई गानं लावसू आसं मन्हा मनमा व्हतं. दुसरं काहीच नको व्हतं माले."

आखाजीला आमच्या खानदेशात गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. सोमवार चालू होता. म्हणजे माझ्या हातात तीन दिवस होते.

नाना डबा न उघडता गेले.

नवनीत सर स्टाफरूममध्ये ड्रॉवर रिकामा करत बसले होते. त्यातून निघाल्या होत्या चार खडूपेट्या, एक तुटका चष्मा आणि २००३ सालची हजेरी. प्रत्येक वस्तू हातात घेऊन ते तिच्याशी बोलल्यासारखे बघत होते. मी सरळ विषयाला हात घातला.

"मी? मी कशाला काढीन?" सर उडालेच. "गुरुवारी बारा चाळीसला मी परीक्षेच्या हॉलवर होतो. रजिस्टरला सही आहे, बघा. तिथे मोबाइलही नेऊ देत नाहीत."

"मग तुमच्या नावाने कोण शिरलं? पासवर्ड कुणाला माहीत आहे?"

सरांनी कानाची पाळी चोळली. हा माणूस लबाडी करायला निघाला की कान चोळतो, हे मी वीस वर्षं बघते आहे. शेवटी म्हणाले, "खरं सांगू? तो पासवर्ड मला सोडून सगळ्यांना माहीत असेल. मला ते पान कधी जमलंच नाही. मी दरवर्षी एका चुणचुणीत पोराला धरायचो. तो माझ्या नावाने सगळं टाकायचा, काढायचा."

"आणि वर्ष संपलं की पासवर्ड बदलायचात?"

"बदलला की विसरतो हो मी."

"यंदाचं चुणचुणीत पोर कोण?"

"अभिनंदन. कापडवाल्यांचा. आणि हो," सर खालच्या आवाजात म्हणाले, "पंधरा दिवसांपूर्वी त्याने लोटन नानांकडे ते गाणं मागितलं होतं, दुकानाच्या जाहिरातीला. नाना त्याच्यावर असे चिडले की मी इतक्या वर्षांत त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता."

३

अभिनंदनचं दुकान शहाद्याच्या बाजारपेठेत, आमच्या घरापासून चौथं. आखाजीची गर्दी होती. माहेरी आलेल्या पोरींना साड्या दाखवता दाखवता तो घामाघूम झाला होता. मला बघून आणखी झाला.

"रक्षाबेन, मी काही चोरलं नाही!"

"मी चोरीचं नावसुद्धा काढलं नाही अजून."

पोरगं बसलंच. मग सगळं भडाभडा ओकलं. आखाजीच्या साड्यांच्या जाहिरातीमागे त्याला धनुबाईचं गाणं हवं होतं. नाना नाही म्हणाले. तरी एक दिवस तो लायब्ररीत नानांच्या मागे उभा राहिला आणि त्याने चोरून आपल्या मोबाइलवर ते घेतलं. हाती लागल्या शेवटच्या दोनच ओळी.

"पान तर माझ्या हातात होतं. मूळ गाणंच उतरवून घेतलं असतं तर कुणाला कळलं असतं? पण त्याच दिवशी नाना आपल्या डब्यातली भाकरी मला देऊन म्हणाले, 'जेवनास का रे?' मग लाजच वाटली. ते वापरलंच नाही मी."

"ऐकव."

दुकानाच्या गलबल्यात त्याने मोबाइल माझ्या कानाशी धरला. धनुबाईचा तो भरड, गोड आवाज. झोक्याला ती सांगत होती की इतका उंच ने, की माहेरचं शेत दिसू दे. शेवटचा शब्द लांबला, झोक्याची दोरी करकरली, आणि 'टक्' असा बटणाचा आवाज येऊन सगळं थांबलं. मध्ये श्वास घेण्याइतकीही फट नव्हती.

माझी आई अशी झोक्यावर गायची. आमच्या घरात मारवाडी, गल्लीत अहिराणी, पण आखाजीच्या झोक्यावर सगळ्या बाया एकच गाणं गायच्या. मी त्या बाजारात उभी राहून वेड्यासारखी रडले. अभिनंदनने घाईघाईने मला साडीचाच पदर पुढे केला, विक्रीचा.

पोरगं खोटं बोलत नव्हतं. गाणं काढून टाकल्याने त्याला काय मिळणार होतं? हवी असलेली गोष्ट माणूस ठेवून घेतं, पुसत नाही.

मग प्रश्न उलटा होता. ते गाणं नको कुणाला होतं?

४

मंगळवारी सकाळी मी रिद्धीला घेऊन परत पानासमोर बसले. गुरुवारी दुपारी स्टाफरूममधल्या संगणकावर कोण बसलं होतं, हे विचारत मी सोमवारी अर्धं कॉलेज पालथं घातलं होतं. शिपाई, कारकून, कँटीनवाला, सगळ्यांनी मला एकच सांगितलं: कोणीच नाही.

"कोणी बसायला कशाला हवं, दीदी?" रिद्धी म्हणाली. "पासवर्ड असला की मोबाइलवरून कुठूनही होतं. शेतातूनसुद्धा."

मी कपाळावर हात मारला. मी आयुष्यभर कपाटात पुस्तकं शोधली, म्हणून इथेही खुर्चीवरचा माणूस शोधत होते. या पानाला ना कपाट, ना खुर्ची.

"धनुबाईंचं बाकी काय आहे पानावर?"

फोटो होता, झोक्यावर बसलेली, दात दाखवून हसणारी. गाण्याचा लिहिलेला मजकूरही होता. काढणाऱ्याने त्यांना हात लावला नव्हता. म्हणजे त्या बाईचा राग नव्हता, गाण्याचाही नव्हता. नकोसा होता तो फक्त आवाज.

"तू पेनड्राइव्हसाठी यादी केली होतीस ना?"

रिद्धीने छापील कागद काढला. गाणारीचं नाव, विद्यार्थ्याचं नाव, लांबी. धनुबाईसमोर लिहिलं होतं: अकरा मिनिटं वीस सेकंद.

मी तो आकडा बघतच राहिले. गाणं लावून नाना डब्याचं झाकण काढायचे तेव्हा लायब्ररीच्या घड्याळात एक वाजलेला असे. गाणं संपून झाकण लावायचे तेव्हा एक वाजून सहा मिनिटं. रोज. शिपायाचं जेवण ते, सहा मिनिटांत उरकायचं.

"रिद्धी, गाणं सहा मिनिटांचं आहे. मग उरलेली पाच मिनिटं काय आहे?"

तिला माहीत नव्हतं. आम्ही सरांकडे गेलो. सरांनी पुन्हा कान चोळला.

"तुम्ही हे तपासून गुण दिलेत ना?"

"दिले ना. म्हणजे... मजकूर वाचून दिले. आता बघा, वर्गात साठ पोरं, प्रत्येकाचं दहा मिनिटांचं गाणं..."

"ऐकलंच नाहीत?"

"सुरुवात ऐकली," सर पडेल आवाजात म्हणाले. पस्तीस वर्षं 'ऐका, ऐका' म्हणून शिकवणारा माणूस! मला हसू आणि राग एकदमच आला.

पण एक गोष्ट पक्की झाली. त्या शेवटच्या पाच मिनिटांत काय आहे, हे कॉलेजात कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि ज्याला ठाऊकच नाही, तो ते पुसेल कशाला?

"रिद्धी, गुरुवारच्या आधी या गाण्यांबद्दल काही घडलं होतं?"

"काही नाही. बुधवारी मी कोर्सच्या सगळ्या जुन्या-नव्या मुलांच्या ग्रुपवर निरोप टाकला." तिने मोबाइल दाखवला. 'सरांच्या निरोप समारंभात सभागृहात सर्व गाणी पहिल्यापासून शेवटपर्यंत लावली जातील. घरच्यांना घेऊन या.'

बुधवारी संध्याकाळी निरोप, गुरुवारी दुपारी गाणं गायब.

"सर," मी म्हटलं, "धनुबाईंचं गाणं ज्या वर्षी आलं, त्या वर्षीचं तुमचं चुणचुणीत पोर कोण?"

सरांचा चेहरा उजळला. "अहो, तीच तर सगळ्यात हुशार! हे सगळं पान तिनेच मांडून दिलंय मला. चेतना! लोटन नानांची चेतना!"

५

चेतनाचं सासर ब्राह्मणपुरीला. आखाजीला लेकीने आपणहून माहेरी येऊन चालत नाही, घेऊन यायला माहेरचं माणूस जावं लागतं. नाना, तिचे आबा, मंगळवारी दुपारी तिला घेऊन आले. तोवर ती कॉलेजच्या आसपास फिरकली नव्हती, म्हणून तिचं नाव माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

बुधवारी मी गेले तेव्हा नाना घागर आणायला बाजारात गेले होते. अंगणातल्या कडुनिंबाला झोका बांधला होता. चेतना ओट्यावर सांजोऱ्या लाटत होती. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

"चेतना, त्या शेवटच्या पाच मिनिटांत काय आहे?"

लाटणं थांबलं. ती नाकबूल करील असं मला वाटलं होतं. पण पोर किती दिवस ते ओझं वाहत होती कुणास ठाऊक, तिने लगेच खाली ठेवलं.

"गानं संपनं, आन माले वाटनं मी फोन बंद कया," ती म्हणाली. "नव्हता कया. माय झोक्यावरतीन उतरनी आन पोट धरीसन बसनी. म्हने, गाठ शे. डाक्टर म्हनस मोठा दवाखानामा दखाडा. मी म्हनं, आबाले सांगस. तर तिन्ही माले शप्पथ घाली. तुन्हं लगीन व्हऊ दे म्हने, मंग दखसूत." तिने पदराने तोंड पुसलं, तर पीठच लागलं गालाला. "लगीन व्हयनं. मंग उशीर व्हई गया. मॅडम, मी सांगतू तर माय वाचती. आबा ते सभागृहमा, बठ्ठा लोकेसमोर ऐकतात, तर मन्हं तोंड कसं दखतात?"

"म्हणून पुसलंस?"

"पानवरनं पुसं." तिने कमरेची पिशवी सोडून मोबाइल काढला. काच तडकलेली, पण चालू होता. "आठनं, या फोनमानं, नही पुसाय गयं. तिन्हा आवाज शे ना."

आईचा आवाज पुसायला हात कुणाचा होतो? मी तिला जवळ घेतलं. आणि तिला जवळ घेतल्यावर, तिच्या डोक्यावरून मला तो झोका दिसला, दोरी वाऱ्याने करकरली, आणि बाजारात ऐकलेला तो 'टक्' माझ्या कानात वाजला.

मी ताडकन बाजूला झाले.

"चेतना, तुझे आबा गाणं रोज कुठे थांबवायचे, ठाऊक आहे? शेवटचा शब्द संपताक्षणी. अभिनंदनच्या मोबाइलवर आहे, मध्ये एक श्वाससुद्धा नाही. अगं, गाण्यात बाई मध्ये मध्ये थांबते. पुढे काय आहे हे ठाऊक नसलेला माणूस वाट बघतो, आणखी कडवं असेल म्हणून ऐकत राहतो. बटणावर बोट ठेवून कोण बसतं? ज्याला पुढचं ऐकायचं नाही तो. आणि पुढचं ऐकायचं नाही हे कुणाला कळतं?"

चेतनाचे डोळे मोठे झाले.

"ज्याने ते एकदा ऐकलंय त्याला," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी मी गाणं लावून दिलं आणि जेवायला घरी गेले होते. परत आले तेव्हा नाना तसेच बसले होते, डबा बंद. मला वाटलं, आठवणीने बसलेत."

फाटक वाजलं. नाना लाल घागर खांद्यावर घेऊन आत येत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लेकीच्या हातातल्या तडकलेल्या मोबाइलकडे पाहिलं, आणि घागर हळूच खाली ठेवली. मग ते हातपाय धुवायला मोरीवर गेले.

६

आमच्या जैन घरातही आखातीजचा मोठा दिवस. माझ्या काकीचं, जडावबाईंचं, वर्षीतपाचं पारणं होतं. वर्षभर एक दिवसाआड उपास केलेल्या त्या ऐंशी वर्षांच्या बाईने उसाचा रस घेतला, आणि मी तसाच एक तांब्या भरून लोणखेड्याला गेले.

ओट्यावर घागर मांडली होती, वर खरबूज. पुढे पानात आमरस, सांजोऱ्या, भाजी. धनुबाईचा झोक्यावरचा फोटो कोर्सच्या पानावरून छापून रिद्धीने आणला होता. चेतना बापाच्या समोर बसली होती, रात्रभर झोपली नसल्यासारखी.

"लाव," नाना म्हणाले.

तिने लावलं. धनुबाई गायली. गाणं संपत आलं तसा नानांचा उजवा हात सवयीने उचलला गेला, मग त्यांनी तो आपल्या मांडीवर ठेवला. दोरी करकरली. आणि मग तो दुसरा आवाज आला, गाण्यातला नाही, घरातला, थकलेला. गाठीचं, डॉक्टरचं, शपथेचं. चेतनाने मान खाली घातली. शेवटी धनुबाई म्हणाली:

"तुन्हा बापले सांगू नको, बेटा. तो जेवाव नही."

संपलं.

मग नाना लेकीकडे वळले.

"पह्यलाच दिन ऐकं व्हतं मी. घास उतरेच ना. मंग एक दिन माले समजनं, तिले दुसरं कसानंच भेव नव्हतं, याच भेव व्हतं." त्यांनी फोटोकडे बोट केलं. "म्हनीसन रोज तिन्हा आवाजम्होरे डबा उघाडू. दख म्हनू, जेवी ऱ्हायनू ना मी."

"आबा, मी तुम्हले सांगाले पाहिजे व्हतं..."

"तुले तिन्ही शप्पथ घाली व्हती. तू तिन्हं ऐकं. आन तिले वाटे, माले मालूम पडाले नको. मंग गानं सरताच मी बंद करू. ऱ्हाऊ दे तिन्हा मनसारखं." त्यांनी चेतनाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, आपले दोन्हीसले तिन्ही येकच काम सांगं, आन आपुन दोन्ही येकमेकसपाईन दपाडत बसनूत."

चेतना तिथेच त्यांच्या गुडघ्यावर कोसळून रडली. मी उसाच्या रसाचा तांब्या हातात धरून उभी होते, मला तो कुठे ठेवावा सुचेना.

शुक्रवारी सरांचा निरोप समारंभ झाला. सभागृहात दिवसभर एक्केचाळीस गाणी लागली. धनुबाईचं सहा मिनिटांचं लावलं, पुढचं नानांनी घरी ठेवलं. सरांनी पहिल्यांदाच सगळी गाणी शेवटपर्यंत ऐकली आणि भाषण करायचं विसरले. संध्याकाळी रिद्धीने पान कायमचं बंद केलं.

सोमवारी एक वाजता नाना लायब्ररीत आले. संगणकावर आता काही नव्हतं. ते नेहमीच्या खुर्चीवर बसले, माझ्याकडे पाहिलं, आणि डबा उघडला.

"या मॅडम, जेवाले," ते म्हणाले. "चेतनानी भाकरी शे."

खायला बंदी असल्याच्या पाटीखाली मी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर जेवायला बसले.